दुकानातून आलेलं लिनक्स काढून टाका

लिनक्सवाल्या मित्रांना हे शीर्षक आवडणार नाही. मीही लिनक्सवालाच आहे. नोकरीत दिवसभर सर्व्हरवर तेच, घरी लॅपटॉपवरही तेच. तरीही सांगतो, २००८-०९च्या छोट्या नेटबुकांवर कंपन्यांनी जे लिनक्स भरून विकलं, त्याने लिनक्सचं जेवढं नाव खराब केलं तेवढं मायक्रोसॉफ्टला ठरवूनही जमलं नसतं.

तुमच्यापैकी अनेकांनी नेटबुक पाहिलाही नसेल. २००७मध्ये असूसने ईई पीसी आणला. सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम आणि हार्डडिस्कच्या जागी ४ जीबीची चिप. आज एवढी जागा तुमचे फॅमिली ग्रुपवरचे व्हिडिओच खातात. यावर व्हिस्टा मावणं शक्यच नव्हतं आणि किंमत खाली ठेवायची होती, म्हणून झँड्रॉस नावाचं लिनक्स आलं. इतर कंपन्याही मागोमाग आल्या. लिनक्सवरचं प्रेम वगैरे काही नव्हतं, लायसनचे पैसे वाचत होते.

झँड्रॉसची रचना बघा. मूळ सिस्टीम एका वेगळ्या विभागात, तिथे काही लिहिता येत नाही. तुम्ही केलेले बदल दुसऱ्या विभागात, मूळच्या थरावर दुसरा थर अंथरल्यासारखे. गडबड झाली तर एक बटण दाबून सगळं पहिल्यासारखं, हा फायदा होता. पण आधीपासून असलेलं एखादं अ‍ॅप काढलं तर ते नुसतं दिसेनासं व्हायचं, जागा मोकळी व्हायची नाही. अपडेट घेतलं तर जुनंही राहायचं आणि वर नवंही बसायचं. चार जीबीमध्ये! आणि पडद्यावर काय, तर इंटरनेट, काम, शिक्षण, खेळ असे टॅब आणि त्यांत बालवाडीच्या तक्त्यासारखी मोठाली चित्रं.

आमच्याकडेही एक नेटबुक आला. तो वेगळ्या कंपनीचा होता, नाव घेत नाही. २००९, सांगली. मी बारा वर्षांचा, बाबा प्राथमिक शिक्षक. दुकानदार म्हणाला, "सर, यात लिनक्स आहे, काही कामाचं नाही. तीनशे रुपयांत एक्सपी टाकून देतो." बाबांनी नको म्हटलं. त्यात तत्त्व वगैरे नव्हतं, तीनशे रुपयांचा प्रश्न होता.

घरी आल्यावर बाबांनी शाळेतून पेन ड्राइव्हमध्ये आणलेली निकालाची फाइल उघडली. सगळी अक्षरं अगम्य. तेव्हा शाळा-कचेऱ्यांमधलं मराठी युनिकोडमध्ये नसायचं. ज्या फाँटमध्ये टाइप केलं तोच फाँट मशीनवर हवा, नाहीतर मुलांच्या नावांच्या जागी भलतीच चिन्हं. फाँट पेन ड्राइव्हमध्ये होता. पण टाकायचा कुठे? त्या चित्रांच्या पडद्यावर तशी सोयच दिसेना. दोन संध्याकाळी बाबा आणि मी झटलो. तिसऱ्या दिवशी तीनशे रुपये देऊन चोरीचं एक्सपी आलं, आणि पुढची कैक वर्षं आमच्या घरात "लिनक्स म्हणजे मराठी दिसत नाही ते" असं समीकरण पक्कं झालं.

२०१६मध्ये, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, मला कळलं की घरच्या फोल्डरमध्ये .fonts नावाचं एक फोल्डर करायचं आणि फाँटची फाइल त्यात टाकायची. बस. एवढंच काम होतं. सोय सिस्टीममध्ये पहिल्या दिवसापासून होती. कंपनीने तिच्यावर चित्रं चिकटवली होती, कारण गिऱ्हाईक बावळट असतं असं तिने आधीच ठरवून टाकलं होतं.

तोवर एक्सपीचा सपोर्ट संपून दोन वर्षं झाली होती आणि नेटबुक व्हायरसने भरला होता. मी पेन ड्राइव्हवरून डेबियन ८ टाकलं, सोबत एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप. सीडी ड्राइव्ह नव्हताच. वायफायचं फर्मवेअर वेगळं आणावं लागलं, तोवर रूममेटच्या राउटरची वायर ओढून घेतली. ६०० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर कित्येक खिडक्यांचं ओके बटण खाली गडप व्हायचं. मग आल्ट दाबून माउसने अख्खी खिडकीच वर ओढायची. बाबांना हीच युक्ती सगळ्यात जास्त आवडली. पुढे चार वर्षं त्यांनी निकाल त्यावरच केले.

हे सगळं सोपं होतं असं मी म्हणत नाही. माझ्या दोन रात्री गेल्या. आपल्या लिनक्सवाल्या मंडळींची "टर्मिनल उघडा, त्यात काय" ही मिजास मला आजही डोक्यात जाते. पण ते करता आलं. नेटबुकला कुलूप नव्हतं. कंपनीने टाकलेलं काढा, आपलं टाका, तिला विचारायची गरज नाही. त्या मशीनमधली सर्वांत मोलाची गोष्ट ही होती आणि खोक्यावर ती कुठेच छापलेली नव्हती.

आता हातातल्या फोनकडे या. अँड्रॉइड लिनक्स कर्नलवरच चालतं. म्हणजे तुमच्याकडेही दुकानातून भरून आलेलं लिनक्सच आहे, फक्त या वेळी बूटलोडरला कुलूप आहे. काही कंपन्या ते उघडू देतात, काही अर्ज करायला लावून ताटकळत ठेवतात, काही सरळ नाही म्हणतात. कर्नलचा जीपीएल २ परवाना कंपनीला सोर्स कोड द्यायला लावतो, पण तो कोड बदलून त्याच यंत्रावर चालवू देण्याची सक्ती करत नाही. ही फट बुजवणारा जीपीएल ३ जून २००७मध्ये आला. कर्नल मात्र जुन्याच परवान्यावर राहिला. लिनस टोरवाल्ड्सना नवी अट मान्य नव्हती. माझ्या मते ते चुकले, आणि त्याची किंमत आपण दर तीन वर्षांनी नवा फोन घेऊन मोजतो.

"कुलूप सुरक्षेसाठी आहे, चोराच्या हाती फोन लागला तर?" अहो, बूटलोडर उघडताना फोनवरचा सगळा डेटा पुसला जातो, चोराला तुमचे फोटो मिळत नाहीत. बँकेची अ‍ॅप उघडलेल्या फोनवर अनेकदा चालायला नकार देतात, ही अडचण मात्र खरी आहे. पण मग ज्या फोनला दोन वर्षं सुरक्षा अपडेट आलेलं नाही, त्यावर तीच अ‍ॅप बिनदिक्कत कशी चालतात? म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या दिवशी कंपनी अपडेट थांबवेल, त्या दिवशी तिने किल्ली द्यावी. कायद्याने द्यावी. २०२२मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. फोनची बॅटरी बदलण्याइतकाच सिस्टीम बदलण्याचाही हक्क त्यात धरायला हवा.

आमचा नेटबुक अजून सुरू होतो. आजचा ब्राउझर त्याला झेपत नाही, पण निकालाचे तक्ते उघडतात. २०२५मध्ये डेबियन १३ने ३२-बिटचा इन्स्टॉलर बंद केला, तेही जाहीर चर्चा करून, कारणं सांगून. बाबांचा फोन पाच वर्षांचा आहे. स्क्रीन धड, बॅटरी धड, अपडेट बंद. दिवाळीला त्यांनी विचारलं, "अरे, यावर नाही का टाकता येणार तुझं ते?" मी कंपनीच्या साइटवर मॉडेल शोधलं. किल्ली मिळणाऱ्या फोनांच्या यादीत ते नव्हतं.