कपाटातल्या कॅसेटचं नुसतं दर्शन



ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आपण मंदिरातली शास्त्रं बाहेर काढतो, पुसतो, नवं वेष्टन घालून परत कपाटात ठेवतो. पावसाच्या तोंडावर येणारा हा सण म्हणजे नुसती पूजा नाही, दमट हवा यायच्या आधीची झाडझूडही आहे, असं मला नेहमी वाटतं. यंदा त्या झाडझुडीत घरातल्या व्हिडिओ कॅसेटही घ्या, आणि त्या दुकानात न देता घरच्या कॉम्प्युटरवर उतरवा, एवढं सांगायला आज लिहिते आहे.

शास्त्राच्या बरोबरीनं लग्नाची कॅसेट कशी बसवतेस, असं कुणी म्हणेल. बरोबरीनं बसवत नाही. पण श्रुतपंचमी आली कशी ते आठवा. माणसांची स्मरणशक्ती कमी होत चालली, आता तोंडपाठ ज्ञान टिकायचं नाही, हे धरसेनाचार्यांनी ओळखलं आणि पुष्पदंत आणि भूतबली या दोघा मुनींना गिरनारला शिकवलं. त्यांनी षट्खंडागम लिहून काढलं. पुढे त्यावरच्या धवला टीकेच्या ताडपत्री पोथ्या मूडबिद्रीच्या बसदीत राहिल्या. शतकानुशतकं लोक लांबून जात, पोथ्यांचं दर्शन घेत, नमस्कार करत आणि परत येत. वाचायला मिळत नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांच्या नकला करायला सुरुवात झाली, त्या कामात वर्षांमागून वर्षं गेली, आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी पहिला भाग अमरावतीहून छापून काढला. आज आपण स्वाध्यायाला बसतो तो त्या नकलांच्या जिवावर, दर्शनाच्या नव्हे.

आपल्या कॅसेटचं तेच झालंय. दिवाळीत कपाट आवरताना त्या हातात येतात, पाठीवरचं नाव वाचून 'अगंबाई, ही पंचकल्याणकाची!' म्हणतो आणि परत ठेवतो. दर्शन झालं. बघणार कशावर? व्हीसीआर बनवणारी जपानमधली शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनंही २०१६ च्या जुलैत ते काम थांबवलं. आता जी यंत्रं चालू आहेत तेवढीच आहेत. फीत वर्षागणिक झिजते आहे आणि ती वाचणारं यंत्र त्याहून लवकर संपतं आहे.

दुकानात का नको? आमच्या ओळखीच्या एका घरानं एका दुकानात सात कॅसेट दिल्या. परत आल्या त्या चकचकीत डिस्क, वर गुलाबाचं चित्र. मंडपातला 'कंटाळवाणा' भाग दुकानदारानं आपल्या मनानं कापलेला आणि त्याजागी सिनेमाचं गाणं. त्या कंटाळवाण्या भागात घरातली गेलेली माणसं पंगतीत वाढत होती! दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. त्याला ती माणसं कोण ते माहीत नव्हतं. म्हणूनच हे काम माहीत असणाऱ्यांनी करायचं.

तसं ते अवघडही नाही. व्हीसीआर किंवा व्हीसीपी शेजारी, नात्यात, मंदिराच्या ट्रस्टकडे विचारा, कुणाच्या तरी माळ्यावर असतो. त्याच्या मागच्या पिवळ्या आणि पांढऱ्या भोकांतून (स्टिरिओ असेल तर लालही) वायरी काढायच्या आणि कॅप्चर नावाच्या बोटभर यूएसबी काडीत घालायच्या. काडी कॉम्प्युटरला. तिच्याबरोबरच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅल निवडायचं, आपल्याकडची पद्धत तीच. चौकट ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेच्या पाहुण्यांनी पाठवलेली कॅसेट मात्र एनटीएससीची असते, ती आपल्या साध्या यंत्रावर नीट दिसत नाही; ती बाजूला ठेवा. सुरू करण्याआधी कॅसेटच्या कडेचा तो छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला आहे ना ते बघा. नसेल तर मोडा, म्हणजे चुकून कुणी त्यावर नवं काही भरणार नाही. खूप वर्षं पडून असलेली फीत एकदा शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घेतली की सैल होते.

मग 'प्ले' दाबायचं आणि बसायचं. इथे घाई चालत नाही. ई-१८० लिहिलेली कॅसेट तीन तासांची असेल तर उतरायला तीन तासच लागतात. सगळे याचीच तक्रार करतात. मला मात्र हीच या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. कारण त्या तीन तासांत कुणाला तरी शेजारी बसवता येतं.

मी सासूबाईंना बसवते. आम्ही त्यांना आत्याच म्हणतो. वय ८४, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पण माणूस चालण्यावरून ओळखतात. १९९३ च्या महामस्तकाभिषेकाला आमच्याकडची मंडळी श्रवणबेळगोळला गेली होती, ती कॅसेट लावली. मांडीवर वही घेतली. बेचाळिसाव्या मिनिटाला हिरव्या लुगड्यातली बाई कलश सांभाळत पायऱ्या चढते. घरात कुणालाच ओळखेना. आत्या म्हणाल्या, 'ती तुझ्या सासऱ्यांची मावसबहीण. मूलबाळ नव्हतं. जाताना शेत मंदिराला देऊन गेली.' त्या बाईचा घरात एक फोटो नाही. आता वहीत मिनिटासकट नाव आहे, आणि वहीची टाइप केलेली प्रत त्याच डिस्कवर. नावाशिवायची डीव्हीडी म्हणजे अनोळखी माणसांचा सिनेमा. आणि नावं सांगणारी माणसं फितीपेक्षा आधी जातात, हे कुणी सांगायला नको.

सगळ्याच कॅसेट उतरवू नका, हेही स्पष्ट सांगते. आमच्याकडे एकतीस निघाल्या. त्यातल्या निम्म्यात टीव्हीवरून भरलेले सिनेमे आणि क्रिकेट होतं. अपरिग्रहाचं व्रत घ्यायचं आणि हार्ड डिस्कवर सगळा भंगार साठवायचा, याला अर्थ नाही. बारा निवडल्या. लग्नांच्या कॅसेटपेक्षा घरगुती शूटिंगला आधी हात घाला, असं माझं मत आहे. लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी खरा आवाज काढून वर गाणी चढवलेली असतात. घरच्या कॅमेऱ्यात मात्र पडगाहनाला उभ्या राहिलेल्या आजीचा थरथरता आवाज जसाच्या तसा आहे. आवाजाचं मोल काय असतं ते आपल्या समाजाला सांगायला नको. १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखनेत असताना आचार्य शांतिसागर महाराजांनी मराठीतून केलेला अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित झाला, आणि तो आज आपण मोबाइलवर ऐकतो. मधल्या काळात नव्या साधनावर तो उतरवून घेण्याचा कंटाळा कुणी केला नाही, म्हणून.

डीव्हीडीचं म्हणाल तर एका डिस्कवर ४.७ जीबी मावतं, म्हणजे बऱ्या दर्जाचं दोन तासांचं चित्रण. तीन तासांची कॅसेट कोंबू नका, चेहरे पुसट होतात. दोन डिस्क करा. लिहिताना वेग कमी ठेवा. नाव मार्करनं मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा, चिकटपट्टी लावू नका. आणि डीव्हीडी केली म्हणजे सुटलो, असं नाही. घरी लिहिलेल्या डिस्कमधला रंगाचा थरही फिका पडतो, नवीन लॅपटॉपला तर डिस्क घालायला जागाच नसते. आत्यांच्या टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर आहे म्हणून त्यांच्यासाठी डिस्क. मूळ फाइल हार्ड डिस्कवर. आणि तिसरी प्रत पुण्याला नणंदेकडे. शास्त्रं एकाच मंदिरात ठेवून कधी टिकली आहेत का?

राहिली एक गोष्ट, तिच्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मळ्यातल्या घरातून आलेल्या दोन कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी आहे. अशी कॅसेट यंत्रात घालायची नसते. बुरशी यंत्राला लागते आणि त्यातून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. जाणकार माणूस ती पुसून देतो. पण बुरशी आपण अनंतकाय मानतो. लोणच्यावर दिसली तर आपण ते खात नाही, आणि कॅसेटवरची पुसून काढायची? ह्यांचं म्हणणं, गृहस्थाला आरंभी हिंसा सुटलेली नाही, फरशी पुसतोच ना. मला ते पुरतं पटत नाही. फरशी पुसल्याशिवाय घर चालत नाही; ही पुसायची ती आपल्या मोहासाठी. आणि मोह साधा नाही. त्यातल्या एका कॅसेटमध्ये आजेसासूबाईंची समाधी आहे, शेवटच्या दिवसांत त्यांनी एकेकाचं नाव घेऊन मागितलेली क्षमा आहे. माझं मत एवढंच, की बुरशी येऊच न देणं हाच खरा यत्नाचार: कॅसेट उभ्या, पूर्ण गुंडाळलेल्या, डब्यात, कोरड्या कपाटात, पापडासारखं ऊन मात्र दाखवू नका.

त्या दोन कॅसेट सध्या सिलिका जेलच्या पुड्या घालून वेगळ्या डब्यात बंद आहेत. आत्यांना विचारलं, त्यांच्या सासूबाईंची गोष्ट, त्यांनीच सांगावं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'त्यांनी माझं नाव घेतलं होतं, ते मला ऐकू येतंय अजून. तू आधी बाकीच्या कर.'

बारापैकी नऊ झाल्या आहेत. पाऊस यायच्या आत तीन करायच्या आहेत.