ताण दिवसांनी मोजू नये

संत्र्या-मोसंबीच्या बागेत बहार धरण्याचे दिवस जवळ आले की गावपातळीवर काम करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांस बागाईतदारांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : "ताण किती दिवस द्यावयाचा ?" उत्तरही ठरलेले असते. हलक्या जमिनीत २५ ते ३० दिवस, भारी जमिनीत ४५ ते ६० दिवस. हे उत्तर खोटे नाही. तज्ज्ञांच्या शिफारशींतही ते आढळते. तथापि, झाड एका विशिष्ट अवस्थेस पोहोचावयास साधारणपणे किती काळ लागतो, याचा तो केवळ अंदाज होय. आज बागाईतदार त्या अवस्थेकडे पाहीनासा झाला आहे आणि दिनदर्शिकेवर खुणा करीत बसला आहे. माझे मत असे की, बहाराच्या कामी आपण आता दिवसांची भाषा सोडून झाडाची भाषा बोलावयास हवी. असे न केल्याने एखाद्या वर्षाचे पीक जाते एवढेच नव्हे, तर पुष्कळदा झाडच जाते.

ताणाने फूल का येते, हे प्रथम पाहू. 'मरणाच्या भयाने झाड फळते' अशी समजूत खेड्यापाड्यांत रूढ आहे. न फळणाऱ्या झाडाच्या बुंध्यात खिळे ठोकणे, त्यास कुऱ्हाड दाखवून धाक घालणे हे प्रकार त्याच समजुतीतून आलेले आहेत. त्या समजुतीत तथ्याचा अंश आहे, परंतु तीपासून धोकाही आहे; कारण भय जितके अधिक तितके फळ अधिक, असा तिचा अर्थ घेतला जातो.

वास्तविक घडते ते असे. पाणी तोडल्यावर प्रथम थांबते ती नव्या पालवीची व कोवळ्या फांद्यांची वाढ. पानांचे अन्न तयार करण्याचे काम मात्र त्यानंतरही काही दिवस चालू राहते. वाढच थांबल्यामुळे ते अन्न खर्च होत नाही, फांद्यांत व मुळांत साठत जाते. अमेरिकेतील क्राउस व क्रेबिल या दोघा शास्त्रज्ञांनी १९१८ साली टोमॅटोवरील प्रयोगांवरून असा विचार मांडला की, झाडातील पिष्टमय पदार्थ व नत्र यांच्या प्रमाणावर फुलणे अवलंबून असते. बहाराचे स्पष्टीकरण आपल्याकडे पुष्कळ वर्षे याच आधारे दिले गेले. पुढील संशोधनाने त्यात भर पडली. वाढीस चालना देणारे जिबरेलिन हे संप्रेरक लिंबूवर्गीय झाडांत फुलांच्या आड येते, हे आता ठाऊक आहे. वाढ थांबल्याने डोळ्यास फुलाकडे वळण्याची संधी मिळते. परंतु ताण लांबला म्हणजे पानांची रंध्रे बहुतेक काळ मिटलेलीच राहतात, अन्ननिर्मिती मंदावते आणि झाड साठ्यावर जगू लागते. ताणाचा पूर्वार्ध जमेचा असतो, उत्तरार्ध खर्चाचा. ४५ दिवसांचा आकडा धरून बसलेल्या बागाईतदाराच्या झाडाने हा उंबरठा केव्हा ओलांडला, हे त्यास कळतही नाही.

दुसरी गोष्ट थंडीची. पाण्याच्या ताणाप्रमाणेच थंडीनेही लिंबूवर्गीय झाडांचा डोळा फुलाकडे वळतो. फ्लॉरिडातील संशोधकांनी १९८६ साली लिंबाच्या एका जातीवरील प्रयोगांतून हे स्पष्ट दाखविले. आपल्याकडे याचा अर्थ मोठा आहे. आंबिया बहारासाठी आपण डिसेंबर-जानेवारीत ताण देतो, आणि त्याच दिवसांत नागपूर-अमरावतीकडे रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. म्हणजे निम्मे काम थंडी करीत असते. अशा वेळी झाड वाळेपर्यंत पाणी तोडण्याचे कारणच काय ?

मृग बहाराची गोष्ट याच्या उलट आहे. त्याचा ताण एप्रिल-मे महिन्यांत पडतो. थंडीचे साहाय्य मुळीच नाही, वर विदर्भातील ४५ अंशांचे ऊन. मृग बहार लोकप्रिय का, हे उघड आहे : उन्हाळ्यात विहिरीस पाणी नसते, तेव्हा ताण आपोआपच बसतो, आणि मृगाचा पाऊस तो तोडतो. दरिद्री विहिरीचा हा बहार आहे असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. परंतु पाऊस पंधरा दिवस लांबला तर ? ताण पुरा झालेले झाड त्या उन्हात पंधरा दिवस उभे ठेवणे म्हणजे त्यास भट्टीत ठेवणे होय. म्हणून ज्याच्या विहिरीत जूनच्या आरंभी निदान एक-दोन पाळ्यांचे पाणी शिल्लक राहण्याची खात्री नाही, त्याने मृग बहाराच्या वाटेस जाऊ नये. हे सांगणे कटू आहे. सांगावयास मात्र हवे.

आता झाड पाहावे कसे ? ताण बसू लागला की पानांची चकाकी जाते. भर दुपारी ती मलूल होऊन कडेने वळतात, परंतु सकाळी पुन्हा ताठ होतात. पुढे सकाळीही ती पूर्ण ताठ होईनाशी होतात. येथून रोज बागेत फेरी मारावी. मग जुनी पाने पिवळी पडून गळू लागतात. साधारणतः पाव हिस्सा पाने गळाली की ताण पुरा झाला असे समजावे. 'झाड पार झाडून मोकळे केले' असे अभिमानाने सांगणारे बागाईतदार मला दर वर्षी भेटतात. त्यांच्या बागेत फुलांचा पांढरा सडा पडतो हे खरे, परंतु महिना-दीड महिन्याने ज्वारीच्या दाण्याएवढ्या फळांचाही तसाच सडा पडलेला असतो. पानांसह आलेल्या फुलोऱ्यात फळ अधिक टिकते. निष्पर्ण फांदीवरील फुले बहुतांशी गळण्यासाठीच येतात. फळ धरल्यानंतर त्यास पोसावयाचे ते पानांनीच ना ?

पानांबरोबर मातीही पाहावी. झाडाच्या घेराखाली गिरमिटाने अथवा कुदळीने फूट-दीड फूट खोल माती काढून मुठीत दाबावी. संत्र्याची अन्न घेणारी बहुतेक मुळे याच थरात असतात. गोळा होत असेल तर ताण अद्याप बसलेलाच नाही, मग पाणी तोडून कितीही दिवस झालेले असोत. एकाच विहिरीवरील बागेचा अर्धा भाग मुरमाड व अर्धा काळीचा असल्याचे आपण सर्वांनीच पाहिले आहे. पाणी एका दिवशी तोडले तरी मुरमावरील झाडे तीन आठवड्यांत पाने टाकू लागतात, त्या वेळी काळीतील झाडे हिरवीगार असतात. मालक काळीतील झाडांसाठी थांबतो आणि मुरमावरील झाडे गमावतो. अशा बागेचे पाणी दोन वेळा तोडावे आणि दोन वेळा सोडावे. काळ्या जमिनीस ताणात भेगा पडून मुळे तुटतात. यासाठी आरंभीच हलकी वखरणी करून घ्यावी. ठिबकवरील झाडांची मुळे ओल्या पट्ट्यातच दाटलेली असतात. तेथे पाणी एकाएकी न तोडता काही दिवस कमी करीत आणावे.

ताण तोडतानाही घाई नडते. पहिले पाणी, म्हणजे आंबवणी, हलके द्यावे; त्यानंतर चिंबवणीचे थोडे अधिक; मग नेहमीची पाळी. सुकलेल्या मुळांवर एकदम भरपूर पाणी सोडले तर फुलांऐवजी पालवीच फुटण्याचा संभव असतो. नत्राचा अर्धा हप्ता, तसेच स्फुरद व पालाश ताण तोडतेवेळी द्यावे. उरलेले नत्र फळ धरल्यावर द्यावे.

ताण मध्येच पावसाने मोडणे ही अलीकडची मोठी पंचाईत आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील अवकाळी पाऊस कोणी विसरले नसेल. अशा वेळी, विशेषतः भारी जमिनीत, क्लोरमेक्वाट या वाढनिरोधकाची फवारणी उपयोगी पडते. प्रमाण शिफारशीचेच ठेवावे, दुकानदार सांगेल ते नव्हे. पाऊस पडून गेल्यावर दिवसांची मोजदाद पुन्हा पहिल्यापासून सुरू करणाऱ्यांस मात्र आवरावे. झाडात झालेला बदल एका सरीने सर्वस्वी पुसला जात नाही. डोळे फुगू लागले असतील तर ताणाचा हट्ट सोडून बहार पुढे न्यावा.

डाळिंबाबद्दल दोन शब्द. हे झाड संत्र्याहून सोशिक असल्याने त्यावर अत्याचारही अधिक होतात. ताण, त्यावर पानगळीसाठी इथेफॉनची फवारणी, त्यावर छाटणी, आणि पान न गळल्यास पुन्हा अधिक मात्रेची फवारणी ! साठा नसलेल्या झाडावर इथेफॉन मारले तर पाने गळतील, फुलेही येतील, परंतु त्यांत नर फुलेच फार निघतील. तोडणीनंतर तीन ते चार महिन्यांची विश्रांती, शेणखत व पाणी मिळाल्यावरच डाळिंबास पुढील बहाराचा ताण द्यावा. ज्या भागात तेल्याने ठाण मांडले आहे, तेथे पावसात सापडणारा मृग बहार सोडून हस्त बहार धरणे शहाणपणाचे. सोलापूर येथे २००५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचाही भर याच गोष्टींवर राहिला आहे.

कोणत्या झाडास ताण देऊच नये, हे तर कोणी विचारीतही नाही. संत्र्याचे पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आतील झाड, बुंध्यातून डिंक वाहणारे झाड, सल वाढलेले झाड, आणि गेल्या बहारात भाराने वाकलेले झाड, या सर्वांस त्या वर्षी पाणी व खत देऊन पोसावे. आलेली थोडी फुले येऊ द्यावीत. मृगाची फळे फेब्रुवारी-मार्चपर्यंत झाडावर लोंबत असता डिसेंबरात आंबियासाठी पाणी तोडणे हा प्रकार तर मला अक्षम्य वाटतो. फळही सुकते आणि पुढचा फुलोराही विरळ येतो, कारण अंगावरील फळेच पुढील फुलांस अडवितात. भाव चढे असले की दोन्ही बहारांचा मोह होतो, हे मी जाणतो. आंबियाच्या फुलोऱ्यावर गारपीट झाली, जशी ती २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली, तर मृगाचा आधार हवा, हा बागाईतदाराचा युक्तिवादही पोकळ नाही. त्यावर उपाय असा की, बागेचे दोन भाग करून एकात आंबिया व दुसऱ्यात मृग धरावा. एकाच झाडावर दोन्ही लादू नयेत.

कार्यकर्त्यांस एक विनंती आहे. बागेत जाताना गिरमिट बरोबर न्यावे आणि एक वही ठेवावी. पाणी तोडल्याची तारीख, जमिनीचा प्रकार, पाने गळू लागल्याची तारीख, आंबवणीची तारीख, पहिली कळी दिसल्याचा दिवस आणि ज्वारीएवढी फळे किती टिकली याचा अंदाज, एवढेच लिहावयाचे. तीन-चार वर्षांत त्या गावाचे स्वतःचे कोष्टक तयार होईल. वरूडचे कोष्टक काटोलास लागू पडणार नाही, आणि पडावे अशी अपेक्षाही नको. येत्या आंबियासाठी पाणी तुटण्यापूर्वी प्रत्येक गावी निदान दोन बागांत, एक हलक्या व एक भारी जमिनीतील, ही नोंद सुरू करावी.