मोठा अर्धा

"मला मोठा अर्धा पाहिजे!" असं पोर म्हणालं की घरभर हशा पिकतो. कुणीतरी व्हिडिओ काढतं, तो मामा-मावशांच्या ग्रुपवर जातो. मोठा अर्धा असा काही नसतो, हे पोराला सांगायचं मात्र राहून जातं. मग तिसरी-चौथीत अंश आणि छेद येतात, पोराच्या लेखी एक छेद आठ हा एक छेद चारपेक्षा मोठा ठरतो, आणि तीच मंडळी माझ्या दारात उभी राहतात. "बाई, चांगला क्लास सांगा ना."

आमच्या शेलूत भातखाचरांच्या जागी टॉवर उभे राहिले, त्यांत लोकलवर जगणारी कुटुंबं आली. अंधारात निघणार, अंधारात परतणार. त्यांच्या थकव्यावर माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते रविवारबद्दल. रविवारी अपूर्णांक शिकवायला ऑनलाइन मागवलेला डबा उघडतो. आत प्लास्टिकचा पिझ्झा, आठ रंगीत तुकडे, यंत्रानं कापलेले, केसाचाही फरक नाही. समान भाग पाडायचे कष्ट कारखान्यानं आधीच उरकलेत. अहो, शिकायचं तर तेवढंच होतं! आणि तिकडे ओट्याशी खरी तांदळाची भाकरी आई स्वतः मोडते, वाढते, वर पोराला म्हणते, "तू अभ्यासाला बस."

अशाच एका घरात तिसरीतल्या पोरीला तिरका गुणाकार शिकवणं चाललं होतं. मी भाकरी मागितली. चौघांत वाट, म्हटलं. मग म्हटलं, आता दुसऱ्या भाकरीला आठ जण आहेत. तुकडे समोर आल्यावर छेद मोठा झाला की वाटा लहान होतो, हे तिला सांगावं लागलं नाही. मग मी एक पुरी घेतली. पुरीचा अर्धा मोठा की भाकरीचा पाव? वडील, शिकलेले इंजिनिअर, ताडकन म्हणाले, "अर्धाच मोठा." पोरगी दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून बघत होती. कशाचा अर्धा, हा प्रश्न वडिलांना पडलाच नाही.

आजोबा मंडळींनी यावर मिशीला पीळ देऊ नये. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तुम्हाला तोंडपाठ होते, कबूल. रुपयाचे सोळा आणे होते, तोवर त्यांवाचून गाडी अडायची. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो आला, पाढे गेले. त्यांच्यासाठी गळा काढण्यात अर्थ नाही. घोकलेली औटकी म्हणजे समज नव्हे. गेलं ते बाजारात पोराला पुढे करणं. चाळीस रुपये किलोची वांगी पाव किलो घेतली तर किती द्यायचे, हे आता भाजीवालाही विचारत नाही आणि बापही. मोबाइल दाखवला, टुंग वाजलं, संपलं. घड्याळाचंही तेच. पावणेसात, सव्वासात आमच्याकडे कोण म्हणतं? सगळं सहा अमुक, सात तमुकच्या गाडीवर चालतं, आणि काट्यांचं घड्याळ भिंतीवर शोधावं लागतं.

कर्जतला गेलात की दिवाडकरांचे वडे आणता ना? दोन वडे तिघांत वाटायला सांगा. एखादं पोर प्रत्येक वड्याचे तीन तुकडे करील आणि दोन-दोन देईल. दुसरं आधी तिघांना अर्धा-अर्धा देईल आणि उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा तीन भाग करील. म्हणजे अर्धा अधिक एक षष्ठांश. दोन्ही रीतींनी प्रत्येकाच्या बशीत दोन तृतीयांशच. जी बेरीज पाचवीत लसावि काढून रडत-रडत करायची, ती इथे चटणी लावून झाली. दुसऱ्या पोराला "असं नसतं करायचं" म्हणून ओरडणारे पालक मी पाहिलेत. त्यांना काय म्हणावं? कागदाच्या घड्याही घालून बघा. दोन घड्यांत चार भाग, तीन घड्यांत आठ. तीन समान भाग मात्र सरळ पडत नाहीत. पोराला झगडू द्या, लगेच हात पुढे करू नका.

उद्यापासून घरात वाटायचं काम पोराकडे द्या. नियम एकच ठेवा: जो वाटेल, त्यानं आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. महिनाभर हे करा आणि तोवर क्लासची फी खिशातच राहू द्या.