दुकानदाराच्या मुलांनी नगरपालिकेत जायला हवं!



या चॅनेलवर मी कायम एकच सांगते, धंदा करा. आज मात्र मी एका नोकरीची बाजू मांडणार आहे. शहर व्यवस्थापन आणि वस्ती-बाजारपेठांचा पुनर्विकास, या क्षेत्रातलं करिअर. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून माझं मत इथे नीट लिहिते.

मत सरळ आहे. ज्यांच्या घरात दुकान आहे, त्या घरांतल्या काही मुलामुलींनी तरी नगरपरिषदेत, महापालिकेत, पुनर्विकासाच्या कामात जायला हवं. कारण बाजारपेठ टिकली तर दुकान टिकतं, आणि बाजारपेठेचे मोठे निर्णय आपल्या गल्ल्यावर होत नाहीत. रस्ता किती रुंद होणार, पार्किंग कुठे जाणार, जुनी चाळ पडली की खालच्या दुकानांचं काय होणार, हे सगळं नगरपालिकेच्या टेबलावर ठरतं. त्या टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाने आयुष्यात कधी शटर उघडलेलं नसतं. आपली अडचण तिथून सुरू होते.

हे काम नेमकं कुणाचं?

अमेरिकेत 'सिटी मॅनेजर' नावाचं पद आहे. १९०८ साली व्हर्जिनिया राज्यातल्या स्टॉन्टन या गावाने पहिल्यांदा असा माणूस नेमला. लोकांनी निवडलेली कौन्सिल धोरण ठरवते आणि रोजचा कारभार बघायला एक व्यावसायिक मॅनेजर नेमते, अशी ती पद्धत.

आपल्याकडे नगरपरिषदेत याच्या जवळचं पद म्हणजे मुख्याधिकारी. फरक एवढाच की त्यांना राज्य सरकार नेमतं, नगरसेवक नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमावर हा कारभार चालतो. महापालिकेत हीच जागा आयुक्तांची. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू झाली आणि घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नगर नियोजन, रस्ते, पाणी, झोपडपट्टी सुधारणा धरून १८ विषय त्यात आहेत. म्हणजे आपल्या धंद्याला ज्याचा रोज स्पर्श होतो ते जवळजवळ सगळं.

आणि या अधिकाऱ्यांचं वजन किती असतं ते आपण नुकतंच पाहिलंय. २०२२ नंतर राज्यातल्या बऱ्याच महापालिका-नगरपरिषदांच्या निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. नगरसेवकच नाही, तर दुकानदार जाणार कुणाकडे? अधिकाऱ्याकडेच. मग तो अधिकारी बाजार समजणारा असावा, ही अपेक्षा चुकीची आहे का?

विक्री अर्धी, कमाई पाचव्या हिश्श्याहून कमी

आता थोडं गणित करू. बीबीएला 'स्थिर खर्च' शिकलो होतो ना, तोच.

धरून चला, एका दुकानाचा रोजचा गल्ला ८,००० रुपये आहे. मार्जिन १५ टक्के, म्हणजे दिवसाला १,२०० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३१,२०० रुपये. त्यातून भाडं, लाइट बिल, पोऱ्याचा पगार असे १२,००० गेले. घरी आले १९,२०० रुपये.

आता दुकानासमोर रस्ता खोदला. गल्ला अर्ध्यावर आला, ४,००० रुपये. मार्जिन झालं दिवसाला ६००, महिन्याला १५,६००. पण भाडं अर्धं झालं का? पोऱ्याचा पगार अर्धा झाला का? नाही. १२,००० तसेच गेले. घरी आले ३,६०० रुपये.

बघा, विक्री निम्मी झाली, पण घरात येणारा पैसा पाचव्या हिश्श्याहूनही खाली गेला. खोदकामाच्या फाइलवर हा आकडा कुठेच नसतो. तिथे असतं रस्त्याची लांबी, रुंदी, काँक्रीटची जाडी, ठेकेदाराची मुदत. मुदत दोन महिने पुढे गेली तर फाइलवर एक पत्र वाढतं. इकडे एखाद्याचं दुकान कायमचं बंद होतं.

इंजिनिअर वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्याला हे कुणी शिकवलेलंच नसतं. पण दुकानात वाढलेल्या मुलीला हे शिकवावं लागत नाही. ती विचारेल, एका वेळी एकच बाजू खोदता येईल का? दुकानात शिरायला फळ्या टाकल्यात का? दिवाळीच्या आधीचा महिना सोडता येईल का? माझं दुकान स्टेशनरीचं आहे. जूनमध्ये रस्ता बंद झाला तर माझं वर्ष गेलं. कापडवाल्याचा हंगाम वेगळा, बी-बियाणंवाल्याचा वेगळा. हे कॅलेंडर ज्याच्या डोक्यात आहे, तो माणूस कामाचा आराखडा करताना खोलीत हवा.

पुण्याचं उदाहरण घ्या. २०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. कुणाला आवडतं, कुणाला नाही. पण एक दिवस करून बघणं, ही पद्धत मला पटते. आपणही नवा माल आधी एक डझन आणतो, खपतो का बघतो, मग पेटी मागवतो. शहरातले बदल असेच छोटे करून, मोजून, मग मोठे करायला हवेत.

पुनर्विकास म्हणजे फक्त टॉवर नाही

मुंबईच्या भेंडी बाजाराचा पुनर्विकास हे देशातलं या प्रकारचं एक मोठं काम. सुमारे साडेसोळा एकर जागा, २५० च्या आसपास जुन्या इमारती, ३,२०० च्या आसपास कुटुंबं आणि साधारण १,२५० दुकानं. २००९ मध्ये त्यासाठी ट्रस्ट स्थापन झाला. पहिल्या टप्प्यातले टॉवर उभे राहून लोक परत यायलाच दहाएक वर्षं गेली. आणि याच भागातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला कोसळली, तीसहून जास्त माणसं गेली. त्यामुळे 'जुनं तसंच राहू द्या' हे उत्तर नाही. पुनर्विकास व्हायलाच हवा. प्रश्न आहे तो मधल्या वर्षांचा.

राहणारं कुटुंब दोन स्टेशनं लांब गेलं तर गैरसोय होते, पण संसार चालू राहतो. दुकान दोन गल्ल्या आत गेलं तरी गिऱ्हाईक तुटतं. तळमजल्याचं दुकान पहिल्या मजल्यावर गेलं, तर क्षेत्रफळ कागदावर तेवढंच राहतं, धंदा राहत नाही. म्हणून पुनर्विकासाच्या टीममध्ये असा एक माणूस हवाच, जो प्रत्येक दुकानाची वेगळी नोंद करेल. याचं गिऱ्हाईक चालत येतं की गाडीने? माल कधी उतरतो? तात्पुरती जागा रस्त्याला लागून आहे का? परत येताना तळमजलाच मिळेल, हे नोंदणी केलेल्या करारात लिहिलंय का? पागडीवाल्याचं काय, आणि त्याच्या दुकानात वीस वर्षं काम करणाऱ्याचं काय?

लोकांशी बोलायचं, त्यांचं म्हणणं कागदावर आणायचं, बिल्डर आणि सरकारी खातं यांच्याकडून ते पूर्ण करून घ्यायचं, हे पूर्ण वेळेचं कौशल्याचं काम आहे. सोसायट्यांना, सल्लागार कंपन्यांना, विकासकांना अशी माणसं लागतात. उधारीची वही सांभाळलेल्या माणसाला हे जमतं, कारण कुणाला कसं विचारायचं आणि कुणाचा शब्द किती धरायचा हे त्याला माहीत असतं.

हातगाडीवाल्याबद्दल एक कडू गोष्ट

आता तुमच्यातल्या काहींना राग येईल. आपल्या व्यापारी संघटनेची ठरलेली मागणी असते, 'दुकानासमोरच्या हातगाड्या हटवा.' मला ही मागणी सरसकट मान्य नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की आधी सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या. ते होईपर्यंत हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी स्वतः विक्रेते असावे लागतात, त्यातल्या एक तृतीयांश महिला. आणि ऐका, त्याच समितीत व्यापारी संघटनेचा प्रतिनिधी घ्यायचीही तरतूद आहे. तुमच्या गावात त्या खुर्चीवर कोण बसतं, माहिती आहे?

भाजी घ्यायला आलेली बाई जाता जाता माझ्याकडून वही घेऊन जाते. गर्दी दोघांची मिळून होते. वाट अडू नये आणि पोटही चालावं, अशी आखणी करणं हेच शहर व्यवस्थापन. ते दोन्ही बाजूंशी बोलता येणाऱ्यालाच जमतं.

सुरतने काय दाखवलं?

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतमध्ये प्लेगची साथ आली आणि लाखो माणसं शहर सोडून गेली. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी विभागवार अधिकाऱ्यांना निर्णयाचे अधिकार दिले आणि सगळ्या वरिष्ठांना रोज सकाळी रस्त्यावर फेरी मारायला लावली. काही वर्षांतच सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत मोजलं जाऊ लागलं.

यात जादू कुठली? चांगला दुकानदार रोज सकाळी तेच करतो. आधी फेरी, मग गल्ला. मालकाने फेरी सोडली की दुकान ढिलं पडतं, शहराचंही तसंच आहे.

रस्ता कुठून आहे?

- मुख्याधिकारी: एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेतून, गट अ आणि गट ब. कुठल्याही शाखेची पदवी चालते, म्हणजे बीकॉम, बीबीए सगळे आले.
- नगरपरिषद राज्यस्तरीय सेवा: कर निर्धारण व प्रशासन, लेखा, स्वच्छता निरीक्षक, अभियंते, अग्निशमन. हिशेबात पक्के असाल तर कर आणि लेखा विभाग नक्की बघा.
- शिक्षण: मुंबईत टिसमध्ये शहरी धोरण आणि कारभार या विषयात एमए होतं. नगर नियोजनासाठी पुण्याचं सीओईपी, अहमदाबादचं सेप्ट, दिल्लीचं एसपीए. १९२६ पासून चालू असलेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था पालिकेच्या कामाचे पदविका अभ्यासक्रम चालवते. प्रवेशाच्या अटी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या आहेत, फी भरण्याआधी नीट वाचा.
- अनुभव: केंद्र सरकारने २०२० मध्ये 'ट्यूलिप' नावाची इंटर्नशिप योजना सुरू केली, त्यातून पदवीधरांना नगरपालिकांमध्ये काम शिकता येतं.

गोड गोड बोलत नाही, तोटेही ऐका

स्पर्धा परीक्षेत वर्षं जातात. म्हणून दोन प्रयत्नांची मर्यादा आधीच ठरवा आणि शनिवार-रविवार दुकानात बसत राहा. इंटर्नशिप, सल्लागार कंपन्या आणि योजनांमधल्या बऱ्याच जागा ठराविक मुदतीच्या असतात, पगार फार नसतो. मुख्याधिकाऱ्याची बदली होते, दबाव येतो, अतिक्रमणाची कारवाई करताना ओळखीचे चेहरे समोर उभे राहतात.

कुणी म्हणेल, 'ताई, तिथे गेलेला माणूस तसाच होतो.' काही होतात. पण प्रामाणिक माणसांनी जायचंच नाही असं ठरवलं, तर मग तक्रार कुणाबद्दल करायची? आणि आपल्याच बाजारातला म्हणून दुकानदारांनी त्याच्याकडून सवलत मागायची नाही. पायरी पुढे आली असेल तर ती आपलीही तुटणार. आपल्याला आपला माणूस नकोय, आपलं काम समजणारा माणूस हवाय. दोन्हींत फरक आहे.

या महिन्यात तीन गोष्टी करा

१. नगरपरिषदेत जाऊन आपल्या गावाचा विकास आराखडा बघा. दुकानासमोरचा रस्ता त्यात किती रुंद दाखवलाय ते लिहून घ्या. नवा आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार हरकती आणि सूचना देण्याची मुदत मिळते, नंतर सुनावणी होते. मुदत गेली की बोलणं अवघड.

२. वर दिलेलं गणित तुमच्या गल्ल्याच्या आकड्यांवर करा. शेजारच्या दहा दुकानांचंही करा. उद्या रस्त्याचं काम निघालं तर निवेदनाला हा कागद जोडा. घोषणांपेक्षा आकडे जास्त चालतात.

३. घरात बारावीच्या पुढचं कुणी असेल तर त्याला किंवा तिला हा लेख वाचायला द्या. सोबत घेऊन एकदा नगरपरिषदेत जा. टेबल कुठे आहे, फाइल कशी फिरते, ते डोळ्यांनी बघू द्या.

गावातल्या शंभर दुकानदार घरांतून शंभर मुलं दुकानातच बसली पाहिजेत असं नाही. पंच्याण्णव बसू देत. पाच जण तरी त्या टेबलापलीकडे जाऊ देत. पंच्याण्णव दुकानांसाठी यापेक्षा स्वस्त विमा मला तरी माहीत नाही.

पुढच्या व्हिडिओत विकास आराखड्याचा नकाशा कसा वाचायचा, रंग आणि खुणांचा अर्थ काय, ते दाखवते. तोवर गल्ला सांभाळा, आणि रस्त्यावरही लक्ष ठेवा.