पाणथळीचे पक्षी व काठचा बागायतदार

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमापाशी, नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. तो बांधला गेला कालव्यांना पाणी पुरविण्यासाठी. पाखरांचा विचार त्यामागे नव्हता. पुढे बंधाऱ्यामागे गाळ साठत गेला, उथळ पाणी व बेटे निर्माण झाली, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांना तेथे आश्रय मिळाला. १९८६ साली हे अभयारण्य घोषित झाले. २०१९ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत त्याची गणना झाली. महाराष्ट्रातील असे हे पहिलेच स्थळ होय.

येथे पक्षी दाखविणारे मार्गदर्शक काठच्या गावांतील तरुण आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि पक्ष्याचे नुसते नाव सांगून मार्गदर्शकाचे काम संपत नाही. थापट्या बदक रुंद चोचीने पाण्याचा पृष्ठभाग गाळून खाद्य मिळविते. चमचा उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवितो. शेकाट्या लांब पायांवर उभा राहून पाणकिडे टिपतो. या सर्वांचे अन्न त्या वीतभर पाण्यात व चिखलात आहे, हे पाहुण्यांस सांगावे आणि गावच्या बागायतदारांसही सांगावे. किंबहुना बागायतदारांस अगोदर.

कारण ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेवर केवडा व भुरी यांसाठी फवारण्या सुरू होतात, आणि नेमक्या त्याच सुमारास पाहुणे पक्षी उतरू लागतात. बागायतदारास यात दोष देणे अन्यायाचे ठरेल. केवड्याने घड गेला तर वर्षाचे उत्पन्न जाते. परंतु फवारणीची टाकी नदीत किंवा ओढ्यात धुणे, उरलेले औषध तेथेच ओतणे, रिकामे डबे काठावर टाकणे यांपैकी एकही गोष्ट द्राक्षासाठी आवश्यक नाही. ताम्रयुक्त बुरशीनाशके पाण्यातील बारीक जीवांस घातक असतात. धुण्याचे पाणी बागेतच, विहीर व ओढा यांपासून दूर जिरवावे, आणि पाण्यालगतच्या बांधावरील गवत व पाणकणसे जाळू नयेत. ती वाहून येणारी माती व औषधे काही अंशी अडवितात.

यात एक अडचण उरते. पर्यटकांचा पैसा मार्गदर्शकाच्या घरी येतो, गवत राखणाऱ्या शेतकऱ्यास मात्र काही मिळत नाही. पर्यटनाच्या उत्पन्नातील काही भाग काठाच्या गावांत टाक्या धुण्याची सामायिक जागा बांधण्यास द्यावा, आणि ग्रामसभेने तो हंगामापूर्वीच मागावा. छाटणी सुरू झाल्यावर सभेस कोणी बसत नाही.