कुलूप विकणाऱ्याला कोण विचारणार?

३१ डिसेंबर २०१९ रोजी, जग नव्या वर्षाच्या स्वागताच्या तयारीत असताना, परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या लंडनच्या ट्रॅव्हलेक्स कंपनीने घुसखोरी लक्षात येताच आपले संगणक बंद केले. विमानतळांवरील खिडक्यांमागे बसणाऱ्या तिच्या कर्मचाऱ्यांच्या हाती कागद आणि पेन आले. बार्कलेज, लॉइड्स, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड अशा बँका आपल्या ग्राहकांना तिच्यामार्फत परदेशी नोटा पुरवीत. त्यांचाही हा व्यवहार थांबला. घुसखोरांनी साठ लाख डॉलरची खंडणी मागितली, आणि सुमारे तेवीस लाख डॉलर मोजले गेल्याचे वृत्त पुढे प्रसिद्ध झाले. ऑगस्ट २०२० मध्ये कंपनीची पुनर्रचना झाली तेव्हा एकट्या ब्रिटनमधील तेराशेहून अधिक माणसांची नोकरी गेली. करोनाची साथ आणि मूळ कंपनीच्या हिशेबांतील गोंधळ ही त्याची मोठी कारणे होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु पुनर्रचनेचे काम पाहणाऱ्यांनी साथीच्या जोडीला या हल्ल्याचेही नाव घेतले होते, हेही विसरून चालणार नाही.

हल्ला कोणत्या वाटेने झाला असावा, याविषयी त्या क्षेत्रातील जाणकारांचे जे मत आहे ते समजून घेण्याजोगे आहे. कोणत्याही मोठ्या कचेरीच्या संगणक-जाळ्याच्या वेशीवर दोन पहारेकरी असतात. एक फायरवॉल, येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेणे हे तिचे काम. दुसरा व्हीपीएन; घरी किंवा परगावी असलेल्या कर्मचाऱ्याला कचेरीत आणून सोडणारा तो एक झाकलेला मार्ग असतो. आज बहुधा ही दोन्ही कामे एकाच पेटीत बसविलेली असतात. ही पेटी तिच्या कामामुळेच भर रस्त्याकडे तोंड करून उभी असते. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून तिच्यापर्यंत पोचता येते. शिवाय आत येण्याचा अधिकार असलेल्या सर्वांची नावे आणि परवलीचे शब्द तिच्याच हाती. तेव्हा ही एक पेटी फुटली की आतली दारे फोडण्याचे कष्टही चोराला पडत नाहीत. तो कर्मचारी म्हणूनच आत शिरतो.

ट्रॅव्हलेक्सकडे असलेली पेटी पल्स सिक्युअर या कंपनीची होती. तिच्यातील दोष धोक्याच्या मापनात दहापैकी दहा गुणांचा ठरला. पण दोषाचे स्वरूप पाहिले तर आश्चर्य वाटते. संगणकाच्या भाषेत दोन टिंबे आणि एक तिरपी रेघ यांचा अर्थ ‘एक दालन मागे’ असा होतो. बाहेरच्या माणसाने ओसरीवरचा एखादा कागद मागावा, आणि त्या मागणीतच ‘एक दालन मागे, आणखी एक मागे’ असे घालीत थेट तिजोरीतला कागद मागावा. पेटी ओळख न विचारता तो काढून देई. त्या कागदांत कर्मचाऱ्यांचे परवलीचे शब्द साध्या अक्षरांत सापडत. तैवानमधील डेव्हकोअर या संस्थेच्या संशोधकांनी मार्च २०१९ मध्ये ही गोष्ट कंपनीच्या नजरेस आणली आणि २४ एप्रिलला कंपनीने दुरुस्ती दिली. तरी ऑगस्टच्या अखेरीस जगभरात सुमारे साडेचौदा हजार पेट्या दुरुस्तीविना उघड्या होत्या. ट्रॅव्हलेक्सला तर सप्टेंबरमध्ये, तिची सात यंत्रे उघडी आहेत, असे बाहेरच्या संशोधकांनी कळविले होते. दुरुस्ती झाली नोव्हेंबरमध्ये. दरम्यान कोणी परवलीचे शब्द उतरवून घेतले असतील, तर नुसत्या दुरुस्तीने काय साधणार? पेटी दुरुस्त झाली तरी चोरीस गेलेल्या शब्दांनी घुसखोर आत येत आहेत, असा इशारा अमेरिकेच्या सायबर-सुरक्षा संस्थेने, सीसाने, एप्रिल २०२० मध्ये दिला तो याच यंत्रांविषयी.

यावरून एक सोपा निष्कर्ष काढता येतो, आणि तो नेहमीच काढला जातो: गिऱ्हाईक गाफील राहिले, त्याची फळे त्याने भोगली. ट्रॅव्हलेक्सच्या बाबतीत या म्हणण्यात निम्मे सत्य आहेही. पण त्याच सुमारास जर्मनीत जे घडले त्याने या निष्कर्षाचा पायाच काढून घेतला आहे.

सिट्रिक्स या दुसऱ्या एका कंपनीच्या पेट्यांत असाच दोष असल्याचे १७ डिसेंबर २०१९ रोजी जाहीर झाले. येथेही तीच दोन टिंबे आणि तीच तिरपी रेघ! दोष जाहीर झाला, पण दुरुस्ती मात्र जानेवारी २०२० चा उत्तरार्ध लागेपर्यंत मिळाली नाही. तोवर गिऱ्हाइकाने तात्पुरत्या उपायांवर भागवावे, अशी व्यवस्था. ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठ रुग्णालयाने, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, दुरुस्ती आली त्याच दिवशी ती बसविली. परंतु मधल्या काळात कोणीतरी आत येऊन गुपचूप ठाण मांडून बसले होते. ते सप्टेंबर २०२० मध्ये जागे झाले आणि रुग्णालयाचे तीस सर्व्हर निकामी झाले. घुसखोरांना खरे तर विद्यापीठाला वेठीस धरायचे होते. रुग्णांचे प्राण धोक्यात आहेत असे पोलिसांनी कळविल्यावर त्यांनी खंडणीशिवाय किल्ली देऊन टाकली. (चोरांनी दाखविलेली ही माणुसकी पुढे कोणत्याही कंपनीच्या भरपाईच्या रूपाने दिसली नाही, हे नमूद करून ठेवावे.) तथापि सुमारे दोन आठवडे तातडीचे रुग्ण घेणे तेथे बंद होते. त्यांतील ७८ वर्षांच्या एका वृद्धेला तीसेक किलोमीटरवरच्या वुपरटालला न्यावे लागले, उपचाराला सुमारे तासभर उशीर झाला आणि ती दगावली. सरकारी वकिलांनी मनुष्यवधाच्या दृष्टीने तपास केला. तिची प्रकृती मुळातच इतकी गंभीर होती की उशिरामुळेच मृत्यू आला असे सिद्ध करता येत नाही, असा निर्णय त्यांनी नंतर दिला. तो निर्णय प्रामाणिक आहे. पण ध्यानात घ्यायचे ते हे की तपास झाला तो अज्ञात घुसखोरांचा. पेटी बनविणाऱ्याच्या दाराशी कोणी गेले नाही. कारण जाण्याजोगा कायदाच नव्हता.

गाफील राहणाऱ्या आणि दक्ष राहणाऱ्या अशा दोन्ही गिऱ्हाइकांची गत एकच होत असेल, तर दोष गिऱ्हाइकाच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. तो पेटी जेथे तयार होते तेथे शोधावा लागतो.

पल्स सिक्युअरच्या पेटीचे चरित्र या दृष्टीने बोलके आहे. निओटेरिस या लहानशा कंपनीने ती बनविली. २००३ मध्ये नेटस्क्रीनने ती कंपनी घेतली, २००४ मध्ये नेटस्क्रीनला ज्युनिपरने घेतले, आणि २०१४ मध्ये ज्युनिपरने हा धंदा सिरिस कॅपिटल या गुंतवणूक-निधीला सुमारे पंचवीस कोटी डॉलरना विकून टाकला. डिसेंबर २०२० मध्ये ती इव्हान्टी या कंपनीकडे गेली, जिची मालकी पुन्हा गुंतवणूक-निधींचीच. मालक बदलत राहिले, गिऱ्हाइकाकडून वार्षिक वर्गणी येत राहिली, आणि पेटीच्या आत काय होते? फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्लिप्सियम या संस्थेच्या संशोधकांनी तिच्या त्या वेळीही वापरात असलेल्या ९.१ मालिकेतील सॉफ्टवेअर उकलून पाहिले. पायाला सेंटओएस ६.४, त्या मालिकेची देखभाल तिच्या कर्त्यांनी नोव्हेंबर २०२० मध्येच थांबविली होती. आत पर्ल या भाषेची २००१ सालची आवृत्ती. वीस वर्षे कोणी फरशी उचलून पाहिली नव्हती, असाच याचा अर्थ. ज्या निधीला काही वर्षांनी धंदा विकून मोकळे व्हायचे असते, त्याच्या वहीत जुनी फरशी बदलण्याचा खर्च तोट्याच्या रकान्यात पडतो; नवे गिऱ्हाईक जोडणारा विक्रेता मात्र नफ्याच्या रकान्यात. हा कोणा एका व्यवस्थापकाच्या नीतीचा प्रश्न नाही, हिशेबच तसा मांडलेला आहे.

आणि परिणाम हिशेबाबरहुकूम आला. २०१९ नंतर एप्रिल २०२१ मध्ये याच पेटीत नवा दोष निघाला. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा दोन निघाले. ते १० तारखेला जाहीर झाले, तेव्हा घुसखोर डिसेंबरपासूनच त्यांचा वापर करीत होते. पहिल्या दुरुस्त्या आल्या ३१ जानेवारीला. त्याच दिवशी सीसाने अमेरिकी केंद्र सरकारच्या नागरी खात्यांना आदेश दिला की २ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीच्या आत या पेट्या जाळ्यापासून तोडून टाका. हा आदेश देणाऱ्या सीसाच्याच दोन यंत्रणा याच दोषांमुळे फुटल्या आणि बंद कराव्या लागल्या, ही बातमी मार्चमध्ये बाहेर आली. जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक दोष निघाला, आणि या खेपेसही घुसखोर दुरुस्तीच्या आधी पोचले होते.

प्रत्येक वेळी खर्च कोणी सोसला? अपरात्री उठून दुरुस्ती बसविणाऱ्या, आणि न बसल्यास साहेबाची बोलणी खाणाऱ्या, कचेरीतल्या संगणक-तंत्रज्ञाने. कागदावर पावत्या लिहिणाऱ्या कारकुनाने. ज्यांची माहिती चोरीला गेली आणि ज्यांना त्याची गंधवार्ताही नसते, अशा खातेदारांनी. पेटीसोबत येणाऱ्या परवान्याच्या करारात उत्पादकाने आपले दायित्व किमान रकमेपुरते आवळून घेतलेले असते, आणि आपले सॉफ्टवेअर निर्दोष असल्याची हमी स्पष्टपणे नाकारलेली असते. प्रेशर कुकर फुटला तर कारखानदाराला न्यायालयात खेचता येते. पहारेकऱ्याचे काम सांगून विकलेली पेटी पहाऱ्याच्याच कामात फुटली तर मात्र पुढच्या वर्षाची वर्गणी भरावी लागते.

यावर उत्पादकांचा एक युक्तिवाद असतो. सॉफ्टवेअर ही माणसाची कृती आहे, ते निर्दोष असूच शकत नाही. दायित्व लादले तर नवनिर्मिती थांबेल आणि हौसेने, विनामूल्य सॉफ्टवेअर लिहिणारे स्वयंसेवक भरडले जातील. यातील शेवटचा मुद्दा खरा आहे आणि त्याची काळजी घेतली पाहिजे. परंतु पहिल्याचे काय? दोन टिंबांची युक्ती हे काही अज्ञात शास्त्र नाही. या पेट्या बाजारात आल्या तेव्हाही ती जुनी झाली होती. ती कशी रोखावी हे नवशिक्यांना शिकविले जाते. मनुष्यमात्राच्या अपूर्णतेचा आधार तिला देणे म्हणजे गाडीला ब्रेक न बसविता रस्ते अपघातांच्या अटळपणावर व्याख्यान देणे होय.

युरोपीय संघाने हा युक्तिवाद पुरता मान्य केलेला नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आलेल्या त्याच्या सायबर रेझिलियन्स कायद्याने संगणकीय वस्तू विकणाऱ्यावर देखभालीच्या मुदतीत दोष दूर करण्याचे बंधन घातले. वापरात आलेले दोष सरकारला कळविण्याचे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासूनचे, आणि मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासूनच्या. व्यापारी हेतूशिवाय मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना त्यात वेगळे ठेवले आहे. त्याच्या जोडीला आलेल्या नव्या निर्देशाने, सदोष वस्तूमुळे व्यक्तींना पोचणाऱ्या हानीच्या संदर्भात, सॉफ्टवेअर हीदेखील ‘वस्तू’च होय असे ठरविले. अमेरिकेच्या सरकारी धोरणातही मार्च २०२३ मध्ये दायित्व उत्पादकाकडे नेण्याची भाषा आली, पण तिचा कायदा झाला नाही.

भारतात मात्र आपत्ती ज्याच्यावर कोसळते त्यालाच आज्ञा आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक. ही शिस्त आवश्यक आहे. पण बळी पडलेल्याला सहा तास आणि उत्पादकाला तीन आठवडे, ही विभागणी कोणत्या न्यायाची? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, त्यामुळे धंद्यासाठी पेटी घेणाऱ्यास ती वाटही सहसा बंद. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्ट-इनने, सॉफ्टवेअरमध्ये कोणते सुटे भाग वापरले आहेत याची यादी मागण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, पण त्या सूचनाच आहेत.

कायदा होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. महापालिका, विद्यापीठे, सरकारी रुग्णालये आणि सहकारी बँका अशी यंत्रे निविदा काढून किंवा दरपत्रके मागवून घेतात. आतील भागांची यादी, त्या प्रत्येक भागाची देखभाल कोण आणि कोणत्या सालापर्यंत करणार याचे उत्तर, दोष जाहीर झाल्यापासून दुरुस्तीच्या दिवसापर्यंत दररोजचा दंड, आणि कंपनी विकली गेल्यास नव्या मालकावर हीच बंधने, या चार अटी निविदेच्या कागदात घालता येतात. आज त्या कागदात किमान किंमत हीच निर्णायक अट असते. पुढील खरेदीचा ठराव सभेपुढे येईल तेव्हा संचालक मंडळांतील आणि सभागृहांतील कार्यकर्त्यांनी निविदेचा तो कागद मागवून वाचावा.