सिंक म्हणजे जतन नव्हे!

'क्लाऊडवर आहे ना, मग काळजी कशाला?' हे वाक्य आजकाल आपल्या कॉलेजात वर्गात, कॅन्टीनमध्ये, वसतिगृहात सर्वत्र ऐकू येते. गेल्या वर्षापर्यंत मीही ते मोठ्या ऐटीने म्हणत असे. आज म्हणत नाही. का म्हणत नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षी या वार्षिकांकाच्या मराठी विभागाचे काम माझ्याकडे होते. आम्ही चौघांनी एक सामाईक खाते उघडले आणि सारे साहित्य त्यात ठेवले. एकाने बदल केला की तो चौघांच्याही लॅपटॉपवर आपोआप उमटे. यालाच 'सिंक' म्हणतात. शेजारच्या कन्नड विभागाची संपादिका मात्र दर शनिवारी सगळे लेख पेन ड्राइव्हवर उतरवून तो कपाटात ठेवी. आम्ही तिला हसत होतो.

आमच्यातली प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी खानापूर तालुक्यातली. आजीच्या तोंडून तिने जात्यावरच्या ३२ ओव्या टिपून आणल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाऊन तिने त्याच फाईलमध्ये आणखी १४ ओव्या घातल्या. गावात रेंज नाही. बेळगावला परत आल्यावर तरी फाईल वर चढायला हवी होती. पण चढली नाही, कारण मागल्या स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओंनी खाते काठोकाठ भरले होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी खूण तसे सांगतही होती. पण ती पाहतो कोण? इकडे मी जुन्याच फाईलमधले शुद्धलेखन तपासत बसलो. पुढे व्हिडिओ काढून जागा केली, तेव्हा तिची फाईल वर आली आणि जवळजवळ एकाच नावाच्या दोन फायली दिसू लागल्या. त्यांतली एक मी 'डुप्लिकेट' समजून पुसली. एवढ्यावर न थांबता जागेसाठी खात्याची कचरापेटीही रिकामी केली. माझ्या एका बोटाने ती फाईल तिच्या लॅपटॉपवरूनही गेली. हे लक्षात आले दीड महिन्याने. तोवर आजी वारल्या होत्या.

'असू दे दादा,' एवढेच ती म्हणाली. रागावली असती तर बरे वाटले असते.

दोष यंत्राला देऊन मोकळे होता येईल का? मला तसे वाटत नाही. सिंक हा आरसा आहे. आरशासमोर जे कराल तेच आरशात दिसते. तुम्ही लिहिले की तेथे लिहिले जाते, तुम्ही पुसले की तेथेही पुसले जाते. आपण आरशालाच तिजोरी समजलो, हा अपराध आपला.

आता थोडे व्यवहाराचे. फाईलशेजारची खूण पाहायची सवय लावावी. हिरवी बरोबरची खूण असली तर फाईल आपल्या यंत्रावर आहे. नुसता ढग असला तर आपल्याकडे फक्त नाव आहे, मजकूर नाही. गावी जाण्यापूर्वी ती उतरवून घेतली नाही, तर तेथे ती उघडणार नाही. दुसरी गोष्ट जागेची. गूगलचे फुकटचे १५ जीबी हे टपाल, फोटो आणि फायली यांचे मिळून आहेत, आणि जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात. वनड्राइव्ह ५ जीबी देते, ड्रॉपबॉक्स २ जीबी. गूगलचे खाते भरले की ईमेल येणेही बंद होते. नोकरीच्या मुलाखतीचे पत्र याच कारणाने परत गेले, तर बोल कोणाला लावणार? तिसरे, कचरापेटी कायमची नसते. गूगल ड्राइव्हमधली पुसलेली फाईल ऑक्टोबर २०२० पासून ३० दिवसांनी आपोआप नष्ट होते. आणि चौथे, नावाचे. 'आजचा तरुण कुठे चालला आहे?' असे प्रश्नचिन्हासकट नाव फोनवर देता येईल, पण विंडोजला फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. मग आपला तरुण वाटेतच अडकून पडतो!

काही प्राध्यापक म्हणतात, 'म्हणूनच कागद बरा.' त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मला हे पटत नाही. कागद पाण्यात जातो, हे २०१९ च्या ऑगस्टमधला पूर पाहिलेल्या बेळगाव जिल्ह्याला कोणी सांगायला नको. शिवाय सिंकमुळेच आम्ही चौघे चार ठिकाणी बसून एक अंक काढू शकलो. प्रश्न ढग की कागद असा नाहीच. एकाच जागी सारा भरवसा ठेवायचा की नाही, एवढाच आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. अंकाचे सारे साहित्य तीन ठिकाणी असावे: खात्यात, कपाटातल्या पेन ड्राइव्हवर आणि ग्रंथालयात कागदावर. एकाच नावाच्या दोन फायली दिसल्या, तर दोन्ही उघडून वाचल्याशिवाय कोणी एकही पुसू नये. आणि प्रथम वर्षाच्या मुलांना ग्रंथालयाचे नियम सांगतो, त्याच आठवड्यात एक तास यासाठी द्यावा. याला ना पैसा लागतो, ना समिती नेमावी लागते.

यंदा मराठी विभागातही दर शनिवारी पेन ड्राइव्ह भरला जातो. कन्नड विभागाच्या संपादिकेनेच आम्हाला ती शिस्त लावली, आणि ती आम्हाला हसली नाही, याबद्दल तिचे आभार. उरलेल्या ३२ ओव्या याच अंकात पुढे छापल्या आहेत. वाचकहो, त्या जरूर वाचा. आणि तुमच्याही घरी कोणी आजी ओव्या म्हणत असेल, तर त्या टिपून घ्या. पण एकाच जागी ठेवू नका.

— एक विद्यार्थी, बी. ए. भाग ३